वेडीचा टोप

धाकटी, म्हणजे त्याची बायको, गेल्यापासून भाऊला दुपारची झोप लागू लागली होती, आणि झोपेत ती माडीवरच्या त्याच्या कामाच्या खोलीत असायची. बोलायची नाही. खिडकीपाशी केसांचे टोप चढवलेल्या लाकडी डोक्यांची रांग होती, त्या रांगेच्या शेवटी पाठमोरी बसायची. भाऊला वाटायचं, हाही एक टोपच आहे, आपणच केलेला, कुणासाठी केला ते तेवढं आठवत नाही.

त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि ती उठून गेली. म्हणजे भाऊ जागा झाला.

दारात वहिनी होती, थोरल्या दादाची बायको. थिएटरची तिकीटखिडकी आणि घरचं स्वयंपाकघर दोन्ही तिच्याकडे, त्यामुळे ती जिना चढून आली म्हणजे एकतर पाहुणे आलेले असायचे, नाहीतर भांडण झालेलं असायचं.

"भाऊजी, खाली चला. तालमीला बसलेत सगळे. वेडीचा टोप मागितलाय ह्यांनी."

"आणतो."

"आणा. पण तुमची लेक म्हणते, नको. आता काय ते तुम्ही बघा. मी मध्ये पडणार नाही."

वहिनी असं म्हणायची तेव्हा ती मध्ये पडूनच आलेली असायची.

वेडीचा टोप सगळ्यात उंच ठोकळ्यावर होता. भाऊने तो दोन्ही हातांनी उचलला. लांब, काळे, गुंतलेले केस. वाऱ्याने झाडाच्या फांद्या एकमेकींत अडकाव्यात तसे. इतर टोप प्रयोगानंतर विंचरायचे, पण हा विंचरायचा नसे. उलटा कंगवा मारून मारून त्याच्या जटा झाल्या होत्या आणि त्या तशाच राखायच्या, हा वडिलांच्या, आप्पांच्या, वेळेपासूनचा नियम. आणखी एक नियम होता. हा टोप ज्या बाईला घालायचा तिने आरशात बघायचं नाही. टोपवाल्याने तो घालायचा, जटा नीट, म्हणजे वाईट, करायच्या आणि तिला विंगेत सोडायचं. आप्पांचं म्हणणं होतं, वेड्या बाईला आपण कशा दिसतो ते माहीत नसतं.

आप्पांनी 'बंदरावरची' हे नाटक लिहिलं तेव्हा भाऊ रांगत होता. खलाशाची बायको बंदरावर नवऱ्याची वाट बघते. तो येतो तो दुसरी बाई घेऊन. ही वेडी होते. तिसरा अंक सगळा तिचाच. आधी आई ती व्हायची. आईचा आवाज गेल्यावर ताई झाली, आणि ताईने मात्र ती अशी काही केली की गावात बाकी नाटकाचं नावही कुणाला आठवेना. लोक म्हणायचे, 'वेडी' बघायला जातोय. केस मोकळे सोडून ताई जेट्टीच्या टोकावर उभी राहायची आणि हसायची. त्या हसण्याने बाल्कनीतली पोरं रडायची. ताईचे गुडघे गेले, छप्पर गळायला लागलं, थिएटर बंद पडलं. आता छप्पर दुरुस्त झालं होतं आणि पुन्हा पडदा उघडायचा तो 'बंदरावरची'नेच, असं दादाने ठरवलं होतं. वेडी कोण? तर ठकी. भाऊची लेक. कामं चांगली करायची, घरातली होती, आणि दादाच्या भाषेत सांगायचं तर तिचं नाक आजीचं होतं.

भाऊ खाली आला तेव्हा प्रेक्षागृहात अर्धा अंधार होता. मागचा रंगवलेला पडदा सोडलेला होता. त्यावरचं बंदर, त्यावरची जहाजं, आणि एका घराची एक पिवळी खिडकी. त्या खिडकीत कुणीतरी बसलंय असं लहानपणी भाऊला वाटायचं. आता पुन्हा वाटायला लागलं होतं.

दादा पहिल्या रांगेत मांडीवर वही घेऊन. ताई त्याच्या मागे, काठी पायांत धरून. ठकी स्टेजवर एका खोक्यावर बसली होती. तिचे केस पोरासारखे बारीक कापलेले. आपली आई गेल्यावर तिने स्वतःच कात्री घेतली होती.

"आला बघ टोप," दादा म्हणाला. "घाल आणि उभी राहा. बाकी मग बोलू."

"काका, मी एवढंच विचारतेय. ही बाई वेडी होते कधी? दुसऱ्या अंकात ती शहाणी. पडदा उघडला की केस मोकळे. मधल्या मध्यंतरात झालं काय?"

"मध्यंतरात टोप बदलतात," वहिनी मागून म्हणाली.

ताई हसली. ठकीही हसली. दादा हसला नाही.

"शेवटच्या रांगेतल्या माणसाला लांबून कळलं पाहिजे, ठके. केस मोकळे म्हणजे वेडी. गाणं म्हणायला लागली म्हणजे जास्त वेडी. हसली, म्हणजे मग काही शंकाच नको."

"आणि हसलीच नाही तर?"

"तर मग वेडी कसली? दमलेली."

शब्द तोंडातून गेला आणि दादाने वहीचं पान उलटलं. वहिनीने पदराला नसलेली धूळ झटकली. तो शब्द ह्या घरात एकदा वापरून झाला होता.

मागच्या वर्षीची गोष्ट. धाकटी सकाळी उठून आरशापुढे बसायची आणि वेणी घालायची. घालून झाली की सोडायची. पुन्हा घालायची. केस तिचे नेहमीच चापूनचोपून असत, आवाज नेहमीच खाली असे, कपड्यांच्या घड्या सुरीने कापल्यासारख्या असत. काही बिघडलंय असं वाटावं तर कशावरून? पुढे ती झोपेनाशी झाली. मग जेवण टाकलं. भाऊने दादाला विचारलं, कारण अशा गोष्टी विचारायला घरात दुसरं कोण होतं? दादा खोलीच्या दारात उभा राहून बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग बाहेर येऊन भाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी आयुष्यभर वेड बसवत आलोय, भाऊ. हे वेड नव्हे. दमलीय ती. झोपू दे." ताईलाही तसंच वाटलं. वहिनीलाही. दुसऱ्या एखाद्या घरात डॉक्टरला बोलावलं असतं. ह्या घराला वेडी बाई कशी दिसते ते माहीत होतं.

ती कधीकधी वर यायची, भाऊ टोपाच्या जाळीवर आकड्याने केस गाठवत बसलेला असायचा तेव्हा. पाठ करून उभी राहायची.

"अहो, एक पेड सैल राहिलाय का हो?"

भाऊ आकडा हातात तसाच धरून बघायचा. केसांचा माणूस तो. उगाच काहीतरी सांगायचा नाही, नीट बघायचा. वेणी बिनचूक असायची.

"नाही गं. छान आहे," तो म्हणायचा आणि खाली मान घालायचा.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, असं कधीपासून चाललंय? सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

"बरं," ठकी आता स्टेजवरून म्हणाली. "टोप राहू दे. मी एकदा करून दाखवते. आवडलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं."

बंदराच्या देखाव्यासाठी जाड दोर पडलेला होता. ठकीने त्याचं टोक उचललं, उसवलं आणि तीन भाग केले. मग ती खोक्यावर बसून वेणी घालायला लागली. घाई नाही, हुंदका नाही. प्रत्येक पेड ओढून घट्ट करायची, बोट फिरवायची, पुढे जायची. शेवटाला आली की हातात धरून बघायची आणि सोडायची. पुन्हा पहिल्यापासून. वरच्या झडपेतून येणारा उजेड तिच्या हातांवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, पाण्यात तरंगावी तशी. बंदर हललं असं भाऊला वाटलं. पडद्यावरच्या खिडकीत कुणीतरी मान वळवली.

ठकीने वर बघितलं. समोर कुणीच नव्हतं तिथे बघितलं.

"एक पेड सैल राहिलाय का हो?"

"पुरे," भाऊ म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "ऊठ तिथून. टोप आहे तसाच घालायचा. दादा म्हणतो ते बरोबर आहे."

दादाला एवढी साथ अपेक्षित नव्हती. "बघ," तो ठकीला म्हणाला, "तुझा बापच सांगतोय."

"मी आधीच म्हटलं होतं, मी मध्ये पडणार नाही," वहिनी म्हणाली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. मघाशी जिना चढायच्या आधी ती ठकीच्या बाजूची होती. ताईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, बाकी काही नाही.

भाऊ टोप घेऊन माडीवर गेला. ठकी त्याच्या मागोमाग वर आली.

"बाबा, मला वेणीचा टोप हवाय. माझे केस हे एवढेसे."

"नवा करायला वेळ नाही."

"नवा नको. हाच विंचरून दे."

"हा विंचरायचा नसतो."

"का?"

भाऊने टोप ठोकळ्यावर ठेवला, जटा पुढे घेतल्या. बोलायची सवय त्याला कमीच होती, आणि ज्याच्याशी बोलायचा ते माणूस राहिलं नव्हतं.

"ठके, लोक तिकीट काढून आत येतील आणि तुझ्या आईकडे बघतील. तुला चालेल ते? मला नाही चालणार. ह्या टोपाखाली ती नाही. ही बाई केस सोडून नाचते, खदाखदा हसते, आणि मला बरं वाटतं. मी म्हणतो, ही आपली नव्हे. आपली घरी आहे."

"आपली घरी होती तेव्हाही आपण हेच म्हणत होतो ना?"

भाऊने आकडा उचलला.

"मी सुद्धा," ठकी म्हणाली. "मीही तिला म्हटलं, आई, किती वेळ आरशापुढे, मला जायचंय. मला काय माहीत? लहानपणापासून विंगेत बसून आत्याला बघितलेलं. ते वेड. हिच्याकडे बघून बघून आपल्याला आई दिसलीच नाही, बाबा."

"मग आता दाखवून काय होणार? ती येणार आहे?"

"नाही."

"मग?"

"शेवटच्या रांगेत कुणीतरी बसलेलं असेल, आणि त्याच्या घरी कुणीतरी सकाळपासून वेणी घालत असेल."

ती गेली. दार उघडंच राहिलं. भाऊ आकडा घेऊन न्यायाधीशाच्या टोपापुढे बसला, पण हात चालेना.

बऱ्याच वेळाने जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग विश्रांती, मग दुसरी. भाऊ उठून उभा राहिला. ताई ह्या जिन्यावर कित्येक वर्षांत चढली नव्हती.

"तू कशाला वर आलीस? वेड लागलंय का तुला?"

"लागलंच होतं की. सगळ्या गावाला माहीत आहे." ताई खुर्चीत टेकली आणि श्वास सापडेपर्यंत टोपाकडे बघत राहिली. "अजून तसाच आहे रे. घामाचा वासही तोच."

"पाणी देऊ?"

"बस खाली. भाऊ, ते हसणं मी कुठून आणलं माहीत आहे तुला?"

"आईकडून."

"आणि आईने?"

"आप्पांनी शिकवलं असेल."

"आप्पांनीच. स्वयंपाकघरात उभं राहून करून दाखवलं होतं. आई सांगायची, त्या वेळी शेजारची बाई काठी घेऊन धावत आली होती." ताई हसली, पण ते तिचं घरचं हसणं होतं, बारीक. "आता मला सांग, आप्पांनी वेडी बाई कधी बघितली होती?"

भाऊने विचार केला. "बघितली असेल कुठेतरी."

"दुसऱ्यांच्या नाटकात. मी विचारलं होतं त्यांना. त्या नाटकवाल्यांनी आणखी कुणाच्या नाटकात बघितली असेल. म्हणजे पहिली बाई कोण, ती खरंच हसली होती की नाही, देव जाणे. तिला कुणी विचारलंच नसेल."

खिडकीतून वारा आला. रांगेतले सगळे टोप थोडे थोडे हलले, जटांचा मात्र हलला नाही.

"धाकटीच्या खोलीत मी दुपारची बसायचे," ताई म्हणाली. "ती वेणी घालायची, मी बघायचे. तुला वाटायचं, सोबत करतेय. मी वाट बघत होते, भाऊ."

"कसली?"

"ती हसेल म्हणून. हसली की म्हणणार होते, हो, आता खरंच काहीतरी झालंय, आता बोलवा कुणाला. आज हसेल, उद्या हसेल. ती पोर कशाला हसतेय?" ताईने काठीवर हनुवटी टेकवली. "मी त्या हसण्यावर आयुष्यभर टाळ्या घेतल्या. आता बाजारात पोरं म्हणतात, आजी, हसून दाखवा ना. मी दाखवते पण. परवा दाखवलं आणि घरी येऊन रडले."

भाऊने तिला पाणी दिलं. तिने ते घोटाघोटाने संपवलं.

"मी तुला कर म्हणत नाही," ती उठता उठता म्हणाली. "हात तुझे आहेत. मला फक्त खाली उतरव. चढायचं सोंग आणता येतं, उतरायचं नाही."

तिला खाली सोडून भाऊ वर आला, आणि मोठ्या दातांचा कंगवा शोधला.

सुरुवात टोकापासून करायची असते. वरून ओढलं तर जाळी फाटते. त्याने खालची चार बोटं केस डाव्या मुठीत धरले, थोडं तेल लावलं, आणि एक एक गाठ सोडवायला घेतली. गाठींतून काय काय निघालं: पत्र्याची टिकली, रंगाचा पापुद्रा, आईच्या वेळची एक वाकलेली पिन. हे केस एका बाईचे नव्हतेच. आप्पांनी कुठून कुठून विकत आणलेले, कुठल्या कुठल्या बायकांनी कापून दिलेले. जटांत ते सगळे सारखेच दिसायचे. सुटायला लागले तशी प्रत्येक बट वेगळी व्हायला लागली. एक जाड, एक रेशमासारखी, एक किंचित तांबूस. ऊन भिंतीवरून सरकत टोपापर्यंत आलं. ठोकळ्याला चेहरा नव्हता, आणि तरी भाऊला वाटलं की तो कुणाच्यातरी मागे उभा राहून केस विंचरतोय, आणि ते माणूस मान थोडी मागे टाकून डोळे मिटून बसलंय. इतक्या वर्षांत त्याने तिचे केस एकदाही विंचरले नव्हते. आयुष्यभर सगळ्या जगाचे केस विंचरले. ह्याचं त्याला आत्ता नवल वाटलं.

"दुखत नाही ना?" त्याने विचारलं.

आणि कंगवा आणखी हलका धरला.

दादा आला तेव्हा वेणी घालून झाली होती. तो दारातच थांबला.

"हे काय केलंस?"

"विंचरला."

"आप्पांचा टोप होता तो."

"आप्पांचाच आहे."

"पुन्हा तसा होईल?"

"उलटा कंगवा मारला की कुणीही वेडी होते."

दादा आत येऊन स्टुलावर बसला. सगळ्यांना बसवणारा माणूस, स्वतः बसला की कसं बसावं ते त्याला कळत नसे. वेणीकडे बघत राहिला. लोक उठून जातील, पहिल्याच दिवशी नाव जाईल, असं सगळं बोलायचं ठरवूनच तो जिना चढला होता.

"मी म्हटलं होतं, दमलीय," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"दमलीही होती रे."

"होती."

दादाने मान हलवली. "एक प्रयोग बघू. लोक उठून गेले तर दुसऱ्या दिवशी जटा. मग मला काही सांगायचं नाही." दारातून वळून त्याने पुन्हा बघितलं. "वेणी चांगली घातलीस."

रंगीत तालमीच्या दिवशी बाहेरचं कुणी नव्हतं, घरातलेच तेवढे होते. मेकअपच्या खोलीत भाऊने ठकीच्या बारीक केसांवर जाळी बसवली, कडा चिकटवल्या, वेणी पाठीवर सोडली. एवढं झालं की विंगेत सोडायचं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग खुर्ची फिरवून आरशासमोर आणली.

ठकीने बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचं नाक आजीचं असेल, पण केस चापून बसवल्यावर उरलेला चेहरा कुणाचा होता ते दोघांनाही दिसत होतं. ती काही न बोलता उठली आणि गेली.

तिसरा अंक उघडला. जेट्टीच्या टोकावर उभं राहायचं तिथे ती बसली. लाटांचा आवाज वहिनी विंगेतून काढत होती, पत्र्याच्या डब्यात वाळू फिरवून. हळूहळू तिचा हात थांबला आणि समुद्र बंद पडला, तरी दादाने तिला टोकलं नाही. ठकीने वेणी पुढे घेतली, सोडली, पुन्हा घातली. पेड ओढून घट्ट. बोट फिरवून. पुढे. ज्या जागी हसायचं ती जागा आली. दुसऱ्या रांगेत ताई खुर्चीच्या कडेवर सरकून बसली होती, तोंड थोडं उघडं. ती जागा आली तशी गेली.

पडद्यावरच्या पिवळ्या खिडकीखाली बसून ठकीने समोरच्या अंधारात बघितलं.

"अहो, एक पेड सैल राहिलाय का हो?"

ह्याला उत्तर लिहिलेलं नव्हतं. इथे थोडं थांबून पडदा पाडायचा, असं दादाने वहीत लिहिलं होतं. पडद्याची दोरी धरलेला दादा थांबला. वहिनी थांबली.

विंगेतून भाऊ बाहेर आला. जन्मात कधी तो उजेडात आला नव्हता. जेट्टीच्या फळ्यांवर त्याची पावलं वाजली. तो लेकीच्या मागे गुडघे टेकून बसला आणि वेणी हातात घेतली.

"दाखव बघू," तो म्हणाला.